लाल फडकं

ग्वाल्हेरहून प्रयागला जाताना चुनखडीची घळ लागली, तशी अंबरीशनं गाडी थांबवली. कड्यांवर गिधाडं होती. गुहेत काचेमागे हजारो वर्षांपूर्वीच्या माणसाचा सांगाडा होता. कुशीवर निजवलेला, गळ्यात शिंपल्यांचे मणी, उशाशी हरणाचं शिंग. "यांना आपण रानटी म्हणतो, श्रुती," अंबरीश भारावून लेकीला म्हणाला, "पण गेलेल्या माणसाचं किती मायेनं केलंय बघ!" श्रुती काचेकडेच बघत राहिली. "बाबा, आणि आबांच्या अस्थी? वो तो डिक्की में पड़ी हैं." अंबरीशला कुठं तोंड लपवू असं झालं. तडक जाऊन त्यानं डिक्की उघडली. अस्थी घरात नेत नाहीत, म्हणून वडिलांचा कलश लाल फडक्यात बांधून तिथंच ठेवलेला. त्यावर कुणीतरी कचोऱ्यांची पिशवी टेकवली होती. कुणीतरी कसलं, त्यानंच. तेल फडक्यात उतरलं होतं. रुमालानं जसजसा पुसावा तसतसा डाग पसरत गेला.