शुद्धिपत्र आणि ४१७

"सोमवारी यादी जाहीर करताहेत," अप्पा म्हणाले. "कुठलं पान बंद केलं, कधी केलं, कुणी केलं, सगळं. नावं नाहीत, नुसते कर्मचारी क्रमांक. पण मला तेवढं पुरे."

तपासनीस बूट काढत होता. सहाशे पानं वाचून त्याचे डोळे चुरचुरत होते. त्यानं गळ्यातलं ओळखपत्र काढून दारामागच्या खिळ्याला अडकवलं. त्यावर ठळक आकड्यांत ४१७ होतं.

लोकांना इंटरनेटवर काय दिसावं आणि काय दिसू नये, हे ठरवणाऱ्या सरकारी कचेरीत त्याची अकरा वर्षं गेली होती. अप्पांनी पस्तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली. बापानं जन्मभर चुका खोडल्या आणि मुलानं मजकूरच खोडला, असं ताई म्हणायची. घरात त्यावर कुणी हसत नसे.

निवृत्त झाल्यावर अप्पांनी इंटरनेटवर 'शुद्धिपत्र' नावाचं स्वतःचं पान काढलं. सरकारी जाहीरनाम्यांतल्या चुका त्यात ते दाखवायचे: आधी व्याकरणाच्या, मग आकडेवारीच्या, मग हेतूच्या. तीन वर्षं नेमानं लिहिलं. पण ती तीन वर्षं वाईट गेली. सकाळपासून संगणकासमोर बसून पडद्याच्या खालच्या कोपऱ्याकडे बघत राहायचे. धड जेवायचे नाहीत, कुणाशी बोलायचे नाहीत.

आठ महिन्यांपूर्वी ते पान उघडेनासं झालं, तेव्हा आता म्हातारा हाय खाणार, असं सगळ्यांना वाटलं. झालं उलटंच. अप्पा ताठ झाले. वाचनालयानं त्यांना भाषणाला बोलावलं. छापखान्यातले जुने मित्र दर शनिवारी चहाला येऊ लागले आणि अप्पांच्या पडद्यावरची 'हे पान उपलब्ध नाही' ही ओळ आळीपाळीनं बघून माना डोलवू लागले. आपापल्या फोनवर मात्र कुणी उघडून बघितलं नाही. बंद पानाला हात लावला की आपली नोंद होते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

बंदी हवी की नको, यावर वर्षभर रण माजलं होतं. सरकार बदललं, आणि कचेरीलाच टाळं लावायचं ठरलं. सोमवारची यादी हे तिचं शेवटचं काम.

"क्रमांक बघून करणार काय तुम्ही?" तपासनिसानं विचारलं.

"माणूस शोधून काढीन. शिवी देणार नाही. एवढंच सांगीन, की बाबा रे, पुन्हा मला तोंड दाखवू नकोस."

"हुकमाचे ताबेदार असतात ते, अप्पा."

"तूही आहेस की त्यात. तुला कधी बोललो मी? पोट सगळ्यांनाच आहे. पण माझंच पान नेमकं कुणाच्या डोळ्यांत सललं, ते कळू दे." मग ते जरा लाजल्यासारखे झाले. "वाचनालयात यादी मोठ्यानं वाचणार आहेत. मला पहिल्या रांगेत बसायला सांगितलंय. सदरा तेवढा इस्त्री करून ठेव."

स्वयंपाकघरात ताईनं त्याला गाठलं.

"तूच केलंस ना?"

तो कप विसळत राहिला.

"आठ महिने बघतेय. विषय निघाला की तू उठून जातोस. तुझ्याच टेबलावर आलं असणार ते."

"ताई, दमलोय मी."

"दमलायस ते दिसतंय. पण तो आकडा रोज त्यांच्या डोळ्यांसमोर लटकतो. मामाशी बावीस वर्षं बोलले नव्हते ते, आणि तेही निमंत्रणपत्रिकेतल्या एका चुकीवरून. तुझ्याशी तर मरेपर्यंत बोलणार नाहीत." तिनं नळ बंद केला. "उद्या शेवटचा दिवस आहे. काढून टाक ती ओळ."

"बघतो," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी कचेरीत कागद पोत्यांत भरले जात होते. खुर्च्या एकावर एक रचून ठेवल्या होत्या. यादीवाल्या बाई तेवढ्या जागेवर होत्या.

"पाच मिनिटं तुमच्या संगणकावर बसू का?"

बाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "तुम्ही आजचे नववे. कुणी मेव्हण्याचं पान बंद केलंय, कुणी शाळेतल्या मास्तरांचं. आता सगळ्यांना आपापला क्रमांक पुसायचाय. नाही व्हायचं ते. यात ओळ चढवता येते, उतरवता येत नाही."

"ठाऊक आहे."

"कुणाचं पान?"

"वडिलांचं."

बाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला. त्यांच्याही घरी कुणीतरी असणार. "मी पाणी पिऊन येते," त्या म्हणाल्या आणि उठल्या.

तो बसला. त्यानं 'शुद्धिपत्र' शोधलं. उत्तर आलं: 'अशी नोंद नाही.' ती कधीच नव्हती. हे पान सरकारनं बंद केलंच नव्हतं; तीन वर्षांनंतरही पडद्याच्या कोपऱ्यात अकरावरच अडकलेला वाचकांचा आकडा बघून अप्पांनी डोळे पुसले, त्या सकाळी त्यानंच ते घरातल्या इंटरनेटच्या डब्यात अडवून ठेवलं होतं, आणि त्या अकराही वेळा वाचणारा तोच होता. त्यानं नवी ओळ घेतली, पानाचं नाव लिहिलं, आठ महिन्यांपूर्वीची तारीख घातली. कर्मचारी क्रमांकाचा रकाना रिकामा सोडता येत नव्हता, आणि दुसऱ्या कुणाचा क्रमांक घालायला त्याचं मन धजेना. त्यानं ४१७ लिहिलं, अप्पांना आवडतं तसं ऱ्हस्व-दीर्घ एकदा तपासलं, आणि ओळ चढवली.