पक्का बॅकअप

कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला आणि गावातल्या लग्नांचं सगळं शूटिंग गिळून बसला. शिव्या खाऊन पुरेवाट झालेल्या नेवाशाच्या आमोस फोटोग्राफरनं मग लिनक्सचा नवा सर्व्हर बसवला. त्यात ठेवलेला बॅकअप पाच वर्षं कुणालाच पुसता येत नाही, खुद्द आमोसलाही नाही. त्यात पहिलंच शूटिंग साठवलं ते गावातल्या कल्याण नावाच्या तरुणाच्या लग्नाचं.

वर्षाच्या आत कल्याण दुकानात हजर. "आमोसभाऊ, आमचा काडीमोड झाला. तेवढं शूटिंग पुसून टाका. नवी सासरवाडी अडून बसलीय."

"पाच वर्षं देवालाबी पुसता यायचं न्हाई," आमोस ओशाळून म्हणाला.

कल्याण डोकं धरून बसला. मग उठता उठता म्हणाला,

 

"दुसऱ्या लग्नाचं शूटिंगबी तुमीच करा. पन ते पुसता येईल असं ठिवा."