जठराचं कुलूप

पुतण्याच्या लग्नात पंगतीला वाढायचं काम कुमुदताईंनी मागून घेतलं, कारण आहारगुरू त्र्यंबकराव तिथं जेवायला बसणार होते.

त्र्यंबकरावांच्या पानापुढे फक्त दुधीच्या रसाचा पेला होता. न्यायालयानं त्यांच्या जठराला बसवलेलं कुलूप दुसरं काही आत घेतच नसे. चाळीस दिवस नुसत्या दुधीच्या रसानं मधुमेह मुळासकट जातो, असं सांगून त्यांनी कुमुदताईंच्या नवऱ्याचं इन्सुलिन बंद करवलं होतं. चाळिसाव्या दिवशी नवराच गेला. शिक्षाही तेवढ्याच दिवसांची होती आणि आज अडतिसावा दिवस होता.

"वहिनी," त्र्यंबकराव कुजबुजले, "न्यायालयानं तुम्हालाच हक्क दिलाय, तुमच्या अंगठ्यानं कुलूप घटकाभर उघडतं. एक घास वरणभात खाऊ द्या हो."

"ह्यांनीही अडतिसाव्या दिवशी वरणभातच मागितला होता. तुम्ही फोनवर म्हणालात, मोह आवरा."

कुमुदताईंनी रसाचा जग उचलला. त्र्यंबकरावांनी घाईनं पेल्यावर हात आडवा धरला.

"अहो, पंगतीत नको म्हणणाऱ्यालाच आग्रह करायचा असतो," त्या हसून म्हणाल्या. त्यांनी तो हात हळूच बाजूला सारला आणि पेला काठोकाठ भरला.