विषामृताचा तास

"दे की अमृत! नुसती उभी काय राहिलीस?" शेषेराव गुरुजी ओरडले.

जगदेवी हलली नाही. तिच्यापासून दोन हात अंतरावर चांगुणा उन्हात उकिडवी बसली होती. तिला विष मिळालं होतं. विष मिळालं की जागच्या जागी बसायचं. सुट्या गड्याने शिवून अमृत दिलं, तरच उठून पळायचं. चांगुणाच्या गटात सुटी एकटी जगदेवीच उरली होती.

लातूर वेगळा जिल्हा झाला, त्याला वर्ष होत आलं होतं. 'लहान पोरांना कवायत नको, खेळातून व्यायाम शिकवा,' हे गुरुजी नव्या जिल्ह्याच्या शिबिरात शिकून आले होते. काल याच दोघी एकमेकींना सोडवताना हसून हसून लोळल्या होत्या.

"बाबांनी सांगितलंय," जगदेवी रडवेली झाली, "तिला शिवायचं न्हाई."

तेवढ्यात चांगुणाची आई पारूबाई मैदानात आली. कमरेवरची घागर रिकामी होती.

"गुर्जी, महं लेकरू खेळातून काढा."

"का? काय झालं?"

"काल ह्या दोघींनी हात धरले म्हणं. आज हणमंतरावानं आम्हाला इहिरीवरून परत लावलं. समद्या बौद्धवाड्याला. म्हणला, आधी पोरगी आवरा, मंग पाण्याचं बघू."

हणमंतराव जगदेवीचा बाप. सलग दुसऱ्या वर्षी पाऊस हुकला होता आणि गावात पाणी फक्त त्याच्याच विहिरीला होतं.

"असं कसं? कायदा आहे, पारूबाई. मी आजच लातूरला साहेबांना लिहितो."

"लिहा की. पर कागद जाऊन येईस्तोवर लेकरं काय पेतील?"

सकाळी गुरुजींच्या घरी आलेली घागरही त्याच विहिरीची होती.

सगळी पोरं थांबून बघत होती. गुरुजी चांगुणाजवळ गेले. तिच्याकडे न बघता म्हणाले, "चांगुणा, आजपासून तू गुण लिहायचे. सावलीला बस जा."

चांगुणाने आईकडे पाहिलं. आईने मान खाली घातली.

"गुर्जी, मी कुणालाच शिवत न्हाई," चांगुणा बसल्या जागेवरून म्हणाली. "नुसती पळते. पळू द्या ना."

गुरुजींनी कशीबशी मान हलवली. पारूबाईने पदर सावरला आणि हे हणमंतरावाला सांगायला ती विहिरीच्या वाटेला लागली.

शिट्टी वाजली. पोरं आरडत मैदानभर पांगली. चांगुणा कडेकडेने एकटीच पळत होती, दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून.