सुटलेली वायर

अर्धांगवायूचा झटका येऊन गेल्यावर डॉक्टरांनी नागोरावांना गाडी चालवायला मनाई केली. पण ते कुणाचं ऐकणाऱ्यातले नव्हते. म्हणून दुर्गाबाईंनी रज्जाक मेकॅनिकला गुपचूप बोलावून बॅटरीची वायर सोडवून ठेवली. तेव्हापासून रोज सकाळी नागोराव खाली जाऊन किल्ली फिरवायचे, गाडी ढिम्म राहायची आणि ते चरफडत वर यायचे. दुर्गाबाई खिडकीतून बघत असायच्या. त्यांना रोज चोरी केल्यासारखं वाटायचं.

आज दुर्गाबाईंच्याच छातीत कळ आली. धायरीत एक रिक्षा मिळेना. शेवटी शेजारची पूर्णिमा गाडी चालवायला धावत आली. मागच्या सीटवर दुर्गाबाईंना बोलायलाही दम पुरेना. वायरचं सांगायचं राहूनच गेलं.

पूर्णिमा किल्ली फिरवणार, तोच नागोराव म्हणाले, "थांब जरा."

त्यांनी खिशातून पाना काढला, बॉनेट उघडलं, उजवा हात साथ देईना म्हणून डाव्या हाताने वायर बसवून आवळली आणि बायकोशेजारी येऊन बसले. गाडी लगेच सुरू झाली.

सिंहगड रोडला लागल्यावर दुर्गाबाई कशाबशा म्हणाल्या, "तुम्हाला ठाऊक होतं?"

"गाडी चालवण्यात जन्म गेला माझा. एवढं कळणार नाही?"

"मग रोज किल्ली का फिरवायचात?"

नागोरावांनी हातातला पाना खिशात ठेवला.

"तू खिडकीत उभी असायचीस. खाली गेलोच नसतो, तर गाडी चालवायला मीच घाबरतोय हे तुला कळलं असतं."