तिचं ती ठरवेल

"नुसतं कपाळ ओलं करून चालणार नाही, पाणी डोक्यावरून वाहायला हवं," सबिना खाटेवरून पुन्हा पुन्हा सांगत होती. सिझेरियनच्या टाक्यांमुळे तिला उठता येत नव्हतं. चर्चमधून फादर यायला तास लागणार होता आणि दोन दिवसांच्या लेकीबद्दल डॉक्टर तासाचीही खात्री देत नव्हते. अशा वेळी डोक्यावर पाणी ओतून कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतो, हे तिच्या नवऱ्याला, इग्नासला ठाऊक होतं. पण लग्नापासून तो एकच सांगत आला होता, की लहान जिवावर धर्म लादायचा नाही. मोठं झालं की मूल आपलं आपण ठरवेल.

"कुणाचीच नसल्यासारखी जायला नको रे ती," सबिना म्हणाली.

नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात नर्सने इग्नासला सिरिंजमध्ये कोमट पाणी भरून दिलं. काचेच्या पेटीत, नळ्यांच्या गुंत्यात, मुठीएवढं डोकं होतं. इग्नासने सिरिंज दाबली, पण पहिला थेंब चादरीवरच पडला. मग पाणी कपाळावरून कानामागे ओघळलं.

"एस्तेर, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने मी तुला बाप्तिस्मा देतो."

"झालं ना? आता बाहेर थांबा," नर्स म्हणाली.

तो हलला नाही. पेटीच्या झडपेपाशी तोंड नेऊन तो कुजबुजला, "नको असेल तर मोठी होऊन झिडकारून टाक, बाळा. माझ्याशी भांड. पण मोठी हो."