पदरावरची पांढरी जागा

शिवऱ्यातल्या कापड रंगवायच्या कारखान्यात बाजीनं मशीन थांबवलं, झाकण उघडलं आणि लाल साडी बाहेर ओढली. पदरावर पुन्हा मुठीएवढी जागा पांढरीच राहिली होती.

"गाठ बसली असंल," कापडं वाळत घालणारी साळूबाई म्हणाली. "घट्ट आवळल्याबिगर रंग चुकत न्हाई."

"गाठ न्हाई. म्या सोता बघून साडी आत सोडली व्हती."

बंद झाकणाखाली, उकळत्या रंगात पदर आवळणार कोण? त्यानं साडी परत आत सोडली.

तासाभरानं मशीन थांबवलं, तर पदर सगळा लालभडक. बाजीला हायसं वाटलं. बाकीची साडी मात्र येईना. त्यानं जोर लावला.

मग आतूनही कुणीतरी साडी ओढली. हळूच, घडी घालताना समोरचं माणूस ओढतं तशी.